‘आमच्या वावरात तं तसं होत नाही’ : गावातल्या मताला जाणकाराने उत्तर कसे द्यावे

कपाशीला पात्या-फुले लागण्याच्या दिवसांत विदर्भातल्या कोणत्याही गावी शेतकरी सभा घ्यावी, आणि जाणकाराचे बोलणे निम्मे होते न होते तोच मागच्या रांगेतून आवाज यावा, हे ठरलेले आहे. “साहेब, तुमचं पुस्तक काईबी म्हनो, आमच्या वावरात तं तसं होत नाही.” सगळ्यांच्या नजरा समोर उभ्या असलेल्या माणसाकडे वळतात, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात तो काय बोलतो यावर त्या गावात यापुढे त्याचे कोणी ऐकणार की नाही, हे बरेचसे ठरून जाते. हे लेखन त्या अर्ध्या मिनिटासाठी आणि त्यानंतर करायच्या कामासाठी आहे. कृषी सहायक, आरोग्य केंद्रातले डॉक्टर, आरोग्यसेविका, विज्ञानाचे शिक्षक, सर्पमित्र, म्हणजे ज्यांना आपल्या विषयातले थोडे अधिक कळते आणि ज्यांचा दिवस तो विषय न शिकलेल्या माणसांत जातो, अशा सर्वांना ते उपयोगी पडावे अशी माझी इच्छा आहे.

अशा वेळी दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे बोलणाऱ्याला तिथेच गप्प करणे. दुसरी चूक जरा सभ्य दिसते, म्हणून ती जास्त होते. “तुमचाही अनुभव बरोबर आहे” असे म्हणून मान डोलवायची आणि पुढचा मुद्दा घ्यायचा. पहिल्या चुकीत माणसाचा अपमान होतो आणि दुसरीत विषयाचा, आणि दोन्हींत तपासणी कोणीच करत नाही. खुल्या मनाची मला पटलेली खूण अशी आहे की, काय दिसले तर मी माझे मत बदलीन, हे मला समोरच्याला आधी सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर माझ्याकडे पदवी असली तरी माझे मत त्याच्या मतासारखेच ऐकीव आहे.

पाहिलेले वेगळे, लावलेले कारण वेगळे

हा धडा मी स्वतः चूक करून शिकलो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा आहे, तिथल्या एका शेतकऱ्याने काही वर्षांपूर्वी मला सांगितले होते की त्याच्या विहिरीच्या पाण्यात ग्लायफोसेट हे तणनाशक चालत नाही. “खाऱ्या पान्यानं औषध नासते साहेब,” असे त्याचे शब्द होते. मी त्याला मात्रा, नोझल आणि फवारणीची वेळ यांवर दहा मिनिटे समजावले आणि निघालो. पुढच्या खेपेला त्याने मला धुऱ्यावर नेऊन दोन पट्टे दाखवले. एकात विहिरीचे पाणी वापरले होते, दुसऱ्यात टाकीत साठवलेले पावसाचे पाणी. औषध आणि मात्रा तीच, दिवसही तोच. पहिल्या पट्ट्यातले तण पिवळे पडून पुन्हा सावरले होते आणि दुसऱ्यातले वाळून गेले होते. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ग्लायफोसेटला बांधून ठेवतात आणि त्यामुळे जड पाण्यात त्याचा जोर कमी होतो, ही गोष्ट मी शिकलेली होती. तरीही ती त्या क्षणी माझ्या मनात आली नाही, कारण माझे लक्ष तो काय सांगतो आहे यापेक्षा तो कोण आहे याकडे अधिक होते.

म्हणून पहिली पायरी अशी की समोरच्याच्या वाक्याचे मनातल्या मनात दोन भाग करावेत. त्याने डोळ्यांनी पाहिलेला भाग एक, आणि त्यावर त्याने लावलेले कारण दुसरा. पाहिलेल्या भागावर सहसा वाद घालू नये. वर्षातले तीनशे दिवस जो वावरात असतो, त्याच्या नजरेला आपण सहा महिन्यांतून एकदा येऊन आव्हान देणे योग्य नाही. कारणाची मात्र बारकाईने तपासणी करावी, कारण कारण शोधण्याचेच शिक्षण आपल्याला मिळालेले असते.

२०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे मोठे नुकसान केले, तेव्हा गावोगाव एकच वाक्य ऐकू येत होते, की बियाणे बोगस आहे आणि बीटीत, म्हणजे बोंडअळीला मारणारे प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीत, आता काही राहिले नाही. त्यावर “बीटीवर बोंडअळी येतच नाही, तुमची फवारणी चुकली” असे उत्तर देणारा जाणकार त्या शेतकऱ्यापेक्षा सत्यापासून अधिक दूर होता. शेतकऱ्याने बोंड फोडून आत अळी पाहिली होती, आणि ती खरोखरच तिथे होती. एका प्रथिनाच्या बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि दोन प्रथिनांची कपाशी २००६ मध्ये आली. पहिल्या प्रथिनाला गुलाबी बोंडअळी दाद देत नसल्याचे गुजरातमधून २०१० मध्ये जाहीर झाले आणि काही वर्षांतच दुसऱ्या प्रथिनाचीही तीच गत झाली. ही अळी प्रामुख्याने कपाशीवरच जगते. अळीला बीटीची सवय लवकर होऊ नये म्हणून बीटीभोवती साध्या कपाशीच्या ज्या आश्रय ओळी लावायच्या होत्या त्या बहुतेक ठिकाणी लावल्याच गेल्या नाहीत, आणि पाणी असलेल्यांनी फरदड घेतल्यामुळे, म्हणजे वेचणी झाल्यावरही तेच पीक उभे ठेवल्यामुळे, अळीला हंगाम संपल्यावरही खायला मिळत राहिले. म्हणजे दिसलेले खरे होते, आणि ‘बोगस बियाणे’ हे कारण, काही ठिकाणी तसे बियाणे विकले गेले असले तरी, एवढ्या मोठ्या प्रदेशातल्या नुकसानीला पुरेसे नव्हते. ‘बीटीचा काहीच उपयोग नाही’ हेही खरे नव्हते, कारण हिरव्या अमेरिकन बोंडअळीला ती अजूनही बऱ्याच अंशी आवरून धरते.

अशा वेळी बोलायचे वाक्य साधे असावे. “काका, तुम्ही बोंडात अळी पाहिली, ते मी मानतो. ती कशामुळे आली ते आपण दोघं मिळून पाहू.” त्यानंतर प्रश्न विचारावेत, आणि ते चौकशी केल्यासारखे न विचारता वहीत लिहून घेत विचारावेत. पेरणीची तारीख कोणती, वाण कोणते, पहिली डोमकळी (आत अळी असल्यामुळे न उमललेले, गुलाबाच्या कळीसारखे फूल) कधी दिसली, धुऱ्यापलीकडच्या वावरात काय आहे, मागच्या वर्षीची पऱ्हाटी कधी उपटली. मग शक्य असेल तर त्याच दिवशी त्याच्याबरोबर वावरात जाऊन वेगवेगळ्या वीस झाडांवरची वीस हिरवी बोंडे त्याच्याच हाताने फोडून घ्यावीत. वीसपैकी दोन बोंडांत अळी सापडली, की दहा टक्क्यांची आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिच्यानंतर उपाय करणे गरजेचे ठरते ती पातळी, गाठली गेली असे समजतात. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांत सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आले तरी तोच अर्थ होतो. हे आकडे आधी सांगावेत आणि बोंडे नंतर फोडावीत. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आकडा आधी सांगितला की निकाल कोणाच्याही बाजूने लागो, तो दोघांनाही बांधून ठेवतो.

हसण्याआधी नीट विचारावे

शिकलेल्या माणसाला एखादे मत ऐकताच ते कोणत्या खणात टाकायचे हे ठरवण्याची घाई असते. ‘मृग लागल्याशिवाय पेरणी नाही’ हे वाक्य ऐकून अनेक जण ते ज्योतिषाच्या खणात टाकतात. वास्तविक शेतकरी ज्याला मृग म्हणतो, ते सूर्याचे नक्षत्र आहे. सूर्य त्यात दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास प्रवेश करतो आणि आर्द्रा २१-२२ जूनच्या आसपास लागते. म्हणजे ही ऋतूंशी जोडलेली सौर दिनदर्शिकाच आहे, आणि विदर्भात मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या मध्याला पोहोचत असल्यामुळे तिच्यावर बेतलेला नियम पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडला. मात्र पंचांगात त्या नक्षत्राचे वाहन बेडूक की उंदीर यावरून पाऊस किती पडेल हे सांगितले जाते, तेव्हा तो अगदी निराळा दावा असतो आणि त्याला निराळा पुरावा लागतो. दोन्ही दावे एकाच माणसाच्या तोंडून, एकाच वाक्यात येतात, म्हणून त्यांना वेगळे करणे हे आपले काम आहे.

बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, रात्रभरात धान्ये आणि ढेकळे यांत झालेले बदल पाहून पाऊस-पिकांचे भाकीत सांगितले जाते. त्याविषयी कोणी विचारले तर मी मत देत नाही, वही देतो. भाकीत ऐकले त्याच दिवशी लिहून ठेवावे, आणि ‘साधारण’, ‘चांगला’ या शब्दांचा अर्थ किती मिलिमीटर हे त्याच दिवशी ठरवावे. हवामान विभाग सरासरीच्या १९ टक्के वर-खाली पडलेल्या पावसाला सामान्य मानतो, तेच माप घ्यायला हरकत नाही. शेजारच्या रकान्यात ‘दरवर्षी सरासरीएवढाच पाऊस पडेल’ असे एक ठरलेले भाकीत लिहावे आणि दहा वर्षांनी दोन्ही रकाने मोजावेत. दहा वर्षे फार वाटतात, पण शाळेतल्या मुलांनी लावलेले पर्जन्यमापक आणि एक जाड वही एवढ्यावर हे होते.

दोघांना मान्य असलेली परीक्षा कशी मांडावी

या भागावर मी अधिक वेळ घेणार आहे, कारण चांगली परीक्षा मांडता आली की वादाची गरजच उरत नाही. उदाहरण पाणाड्याचे, म्हणजे जमिनीतले पाणी कुठे लागेल हे सांगणाऱ्याचे, घेऊ. हातात नारळ किंवा कडुनिंबाची बेचकी घेऊन तो वावरातून फिरतो, एका जागी थांबतो, आणि तिथे बोअर मारली की बहुतेक वेळा पाणी लागते. गावाने हे पाहिलेले असते, आणि तेवढे खरेच असते. पण काळ्या पाषाणाच्या प्रदेशात झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरांत पुष्कळ ठिकाणी थोडेफार पाणी असतेच. म्हणून विचारायचा प्रश्न असा आहे की, त्याच वावरात डोळे मिटून निवडलेल्या जागेपेक्षा त्याने दाखवलेल्या जागी पाणी अधिक वेळा लागते का. कोरड्या बोअरची आठवण कोणी काढत नाही, आणि काढली तरी ‘शेजाऱ्यानं उपसून घेतलं’ असे कारण मिळते. म्हणून गावातल्या सगळ्या बोअरची यादी करावी, पाणाड्याने दाखवलेल्या आणि न दाखवलेल्या अशा दोन्हींची, आणि त्यात फसलेल्या बोअर आवर्जून घ्याव्यात. बऱ्याचदा एवढ्यावरच प्रश्न सुटत आला असे दिसते.

तरीही पाणाडी दादा स्वतः परीक्षेला तयार असतील, तर ती त्यांच्याबरोबर बसूनच आखावी. दहा मडकी झाकून ठेवायची, एकातच पाणी भरायचे, कोणत्या ते चिठ्ठी टाकून ठरवायचे, आणि भरणाऱ्याने परीक्षा होईपर्यंत तिथून दूर जायचे, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून काही कळणार नाही. असे दहा वेळा करायचे. अंदाजाने सांगणाऱ्याचे दहात सरासरी एकच उत्तर बरोबर येईल, आणि निव्वळ योगायोगाने पाच किंवा त्याहून अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता हजारात दोनपेक्षाही कमी आहे. म्हणून ‘पाच बरोबर आली तर मी माझे मत बदलीन आणि हे पुढे मोठ्या संस्थेकडे घेऊन जाईन’ असे जाणकाराने सगळ्यांसमोर सांगावे आणि मनापासून सांगावे.

यावर दादा म्हणू शकतात की मडक्यातले पाणी वेगळे आणि जमिनीतले जिवंत पाणी वेगळे. ही हरकत परीक्षेआधी आली तर ती मान्य करावी, कारण ज्याचा दावा आहे त्यालाच त्याच्या अटी ठरवण्याचा अधिकार आहे. मग दुसरी परीक्षा घ्यावी. दादांनी मोकळ्या वावरात पाच जागा दाखवाव्यात, तिथे खुणेसाठी जमिनीत खिळे पुरून ठेवावेत, आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच वावरात पुन्हा शोधायला सांगावे. जमिनीतले पाणी रात्रीतून जागा बदलत नाही, म्हणून बेचकी त्याच जागी झुकली पाहिजे. हीच हरकत निकाल लागल्यानंतर आली, तर मात्र शांतपणे आधी ठरलेल्या अटींची आठवण करून द्यावी. जर्मनीतल्या कासेल येथे १९९० साली अशाच परीक्षेत जमिनीखालच्या नळातून पाणी वाहते आहे की नाही हे पाणाड्यांना ओळखायचे होते. अटी त्यांनी आधी मान्य केल्या होत्या, आणि त्यांची उत्तरे योगायोगापेक्षा सरस ठरली नाहीत.

वावरातली परीक्षाही याच रीतीने मांडता येते. ‘जीवामृत टाकलं की युरियाची गरजच नाही’ असे शेण-गोमूत्राच्या त्या द्रावणाविषयी कोणी म्हणाले, तर एका वावराच्या दोन टोकांना दोन पट्टे करू नयेत, कारण एक टोक खोल काळ्या मातीचे आणि दुसरे बरड असू शकते. चार जोड्या कराव्यात, प्रत्येक जोडीत कोणत्या पट्ट्याला काय ते नाणे उडवून ठरवावे, वाण आणि पेरणीची तारीख एकच ठेवावी, आणि उत्पन्न प्रत्येक पट्ट्याचे वेगळे मोजावे. उभ्या पिकाच्या हिरवेपणावरून निकाल देऊ नये.

मत खरे निघाले तर

ही शक्यता मनात ठेवूनच वरची सगळी तयारी करायची असते, आणि ती नुसती तोंडदेखली नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास आपल्या धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांचे शिक्षण तिसरीपर्यंतचे होते. त्यांनी ते बी निराळे ठेवले, दुसऱ्या वर्षी निराळे पेरले, पुन्हा निवडले, आणि असे वर्षानुवर्षे केले. त्यातून आलेल्या बारीक तांदळाला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी हे नाव मिळाले, ते वाण दूरदूरच्या राज्यांत पोहोचले, आणि पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठानेही त्यावरून पीकेव्ही-एचएमटी हे वाण प्रसारित केले. दादाजींचे २०१८ मध्ये निधन झाले. त्यांच्या कामात मला सर्वांत मोठी वाटते ती ‘निराळे ठेवणे’ ही गोष्ट. वेगळी लोंबी पुष्कळांना दिसली असेल, पण वेगळे ठेवून पुन्हा पेरणारा माणूस संशोधकच असतो, आणि त्याच्याशी बोलताना आपली भाषा सहकाऱ्याशी बोलण्याची असावी. श्रेय कोणाचे हेही अशा वेळी पहिल्याच दिवशी वहीत नाव आणि तारखेसह लिहावे.

जाणकारांची मोठी चूकही नोंदवतो. आकाशातून दगड पडतात असे युरोपातले शेतकरी सांगत, तेव्हा विद्वानांना ते पटत नसे. फ्रान्समध्ये १७६८ साली पडलेल्या एका दगडाविषयी प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७७२ मध्ये असा निष्कर्ष काढला की तो जमिनीवरचाच दगड असून त्यावर वीज पडली असावी. त्यानंतर १८०३ च्या एप्रिलमध्ये लेग्ल या गावाजवळ हजारो दगड पडले, तेव्हा बिओ नावाचा तरुण शास्त्रज्ञ तिथे गेला. वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांना न भेटलेल्या माणसांना त्याने विचारले, दगड कुठे-कुठे सापडले याचा नकाशा केला, तसा दगड त्या भागात आधी होता का हे तपासले, आणि शेतकऱ्यांचे म्हणणे खरे असल्याचा अहवाल दिला. आपल्या लोणारच्या सरोवरालाही बराच काळ ज्वालामुखीचे विवर समजत असत, कारण सभोवती सगळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा पाषाणच, आहे. खोदून काढलेल्या नमुन्यांत प्रचंड आघाताच्या खुणा सापडल्या आणि १९७३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले, तेव्हा ते उल्काघाताचे विवर असल्याचे मान्य झाले. या दोन्ही प्रसंगांत मत बदलले ते आग्रहाने नव्हे, जागेवर जाऊन पाहिल्याने.

चर्चा न करण्याची वेळ

सर्पदंश झालेला माणूस समोर असताना मंत्राने विष उतरते की नाही, या विषयावर एक शब्दही बोलू नये. गाडी काढावी, १०८ ला फोन करावा, चावलेला अवयव हलू देऊ नये, आणि नातेवाइकांचा आग्रहच असेल तर मंत्र वाटेत म्हणू द्यावा. चिरा घेणे आणि आवळून बांधणे मात्र ठामपणे थांबवावे. विशेषतः मण्यार रात्री झोपेत चावतो, जागा दुखत नाही की सुजत नाही, म्हणून घरच्यांना काही झाले नाही असे वाटते, आणि पापण्या जड होऊ लागेपर्यंत मोलाचा वेळ गेलेला असतो. मांत्रिकाकडे गेलेले अनेक जण बरे होतात हे निरीक्षणही खरेच आहे. त्याचे कारण असे की भारतातले बहुसंख्य साप बिनविषारी आहेत आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. पण हे समजावण्याची जागा पारावर, उन्हाळ्यात, कोणी आजारी नसताना आहे. फवारणीतल्या विषबाधेलाही हाच नियम लागू आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात तिने वीसहून अधिक माणसांचे जीव घेतले. कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठायचा. बाकी सगळे नंतर.

थोडे वेळेविषयी

प्रत्येक मताची परीक्षा घेणे कोणालाच शक्य नाही, आणि तसे कबूल करण्यात कमीपणा नाही. मी तीन गोष्टी पाहतो. हे मत चुकीचे असेल तर कोणाचे नुकसान होईल, ते तपासायला किती खर्च येईल, आणि काय दिसले तर ते चूक मानाल याचे उत्तर बोलणाऱ्याकडे आहे का. तिसऱ्या प्रश्नावर “काहीही झालं तरी मी मानणार नाही” असे उत्तर आले, तर नम्रपणे नमस्कार करून पुढे जावे. ज्या गोष्टी हजारो वेळा मोजून झाल्या आहेत, त्या “अजून वादग्रस्त आहेत” असे केवळ सभेचा मान राखण्यासाठी म्हणू नये.

जे माहीत नाही त्याला “मला माहीत नाही” असेच म्हणावे, आणि त्यापुढे दिवस सांगावा. “पुढल्या बुधवारी विचारून येतो.” मग बुधवारी जावे, उत्तर मिळाले नसले तरी जावे. चारचौघांत मत मांडणारा माणूस बहुधा वयाने मोठा असतो. त्याची चूक दाखवायची असेल तर ती सभेत न दाखवता त्याच्या घरी, चहा घेताना दाखवावी. आपली चूक निघाली असेल तर ती मात्र ज्या सभेत झाली त्याच गावात, तेवढ्याच माणसांसमोर सांगावी.

परीक्षा झाली की निकाल वाचायला त्याच पारावर जावे. आकडे ज्याचा दावा होता त्याच्याच हाती द्यावेत आणि त्यालाच मोठ्याने वाचू द्यावेत. वाचता येत नसेल तर त्याच्या नातवाला किंवा नातीला वाचू द्यावेत. आपण शेजारी बसावे आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचेपर्यंत काही बोलू नये.